एकाहत्तर टक्के

माझं काम खोकला ऐकण्याचं.
तो सुरू कुठं होतो, संपतो कुठं,
पडद्यावरच्या निळ्या लाटेवर दोन रेघा मारायच्या
आणि मधल्या तुकड्याला नाव द्यायचं:
आहे. किंवा नाही.
नाव मी ठरवत नाही. ते सितालीच्या सूक्ष्मदर्शकातून येतं,
थुंकीच्या काचपट्टीवरून, दोन दिवसांनी.

मोंगूच्या टेकाडावर आमची खोली.
खाली झांबेझीचा पूर ओसरत चाललेला,
गवत वर येतंय, गुरं परततायत,
आणि मी कानांवर हेडफोन चढवून
परक्या छात्यांत उतरते.

चार हजार एकशे सोळा खोकले.
कोरडे, लाकूड फोडल्यासारखे.
ओले, तळाचं काहीतरी ढवळणारे.
एका बाईचा, माफी मागितल्यासारखा.
एका पोराचा, ज्याला मुळात खोकायचंच नव्हतं;
आईनं काढलेला चिमटाही त्यात ऐकू येतो.

लुसाकाहून कापेंबवा आला.
रात्रभर त्यानं हे सगळं यंत्राला चारलं.
सकाळी आकडा: सत्त्याण्णव टक्के.
डॉक्टर नामुकोलोंनी फांटाच्या बाटल्या मागवल्या,
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मंत्रालयाला फोन लावला.

मला एक खोड आहे.
खोकला संपल्यावरही मी थोडं ऐकत राहते.
तिथं, रेघेच्या पलीकडे,
धक् धक् धक्.
पाण्याचा डिझेल पंप.

आजारी माणसांना आम्ही मागच्या वॉर्डात बसवलं होतं, पंपाशेजारी.
निरोगी माणसांना शाळेत.
तिथं पंप नाही. भिंतीपलीकडे मुलं पाढे म्हणतात.

मी खोकले कापून टाकले.
उरलेली शांतता तेवढी यंत्राला दिली.
यंत्र म्हणालं, आहे.
पुढची दिली. आहे.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला;
आमच्या यंत्रानं फांदीकडे पाहिलंच नव्हतं,
नुसते कावळे मोजले होते.
त्या पंपालाच क्षय झाल्याचं आम्ही ठरवलं होतं,
सत्त्याण्णव टक्के खात्रीनं.

कापेंबवानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला
आणि बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसला.

दोन हजार तेहेतीस क्रमांकाचा खोकला मुबिताचा.
होड्या कोरतो. बायकोला घेऊन आला होता,
धडधाकट दिसला म्हणून शाळेत बसवला.
यंत्र म्हणालं, नाही.
सितालीला निळ्यावर लाल काड्या दिसल्या,
मोजून अकरा.
सिताली मोटारसायकलवरून त्याच्या गावापर्यंत गेला,
शेवटचे तीन मैल पाण्यातून, चपला हातात धरून.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून धरलं.
सगळ्यांना एकच खोली, एकच बाक, एकच फोन.
दहा ते बारा पंप बंद.
बादल्यांची रांग कुंपणापर्यंत गेली,
बायांनी आमच्या सात पिढ्या उद्धारल्या,
आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

सहा महिन्यांनी आकडा: एकाहत्तर.
कुणी फांटा मागवला नाही.
कापेंबवानं तो फळ्यावर लिहिला, पुसला,
पुन्हा लिहिला.
लंगडा आकडा, पण स्वतःच्या पायावरचा.
त्यात पंप नव्हता.

शेवटच्या दिवशी मुबिता आला.
गोळ्यांचा कोर्स संपवून, गालांवर मांस घेऊन.
बाकावर ताठ बसला. फोनकडे पाहिलं.
घसा खाकरून बघितला, पोट आवळून बघितलं,
काही येईना.
"आता कुठून आणू?" म्हणाला,
"होता तो तुम्हीच नेलात."
आणि हसला, मोठ्यानं, सगळे दात दाखवून.

बटण बंद करायला मला उशीर झाला.
बारा सेकंद आहेत.
हसू, बाकाची कुरकुर,
बाहेर कुणीतरी बादली आपटते.
दोन रेघा कुठं मारायच्या कळलं नाही.
आहे आणि नाही यांच्यात तिसरं खानं नाही.
फाइल तशीच ठेवलीय,
संध्याकाळी कधी कधी लावते.